गाढवाला घोड्याचे आकडे लावू नका

नमस्कार ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न नीट वाचले. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. दहिसरकडच्या तुमच्या निवाऱ्यात रेती आणि डेब्रिज वाहून थकलेली गाढवं आहेत, शिवाय वरातीच्या कामातून सोडवलेली एक घोडी. एका नराचे वृषण दिसत नाहीत, रक्ताच्या रिपोर्टमध्ये तो 'खच्ची' निघाला, तरी तो माद्यांवर चढतो. दुसरा एक नर गाढव घोडीला लागताना तुमच्या माणसाने पाहिला. त्याला तीन महिने होत आले, पण घोडीची गर्भतपासणी निगेटिव्ह आली. आणि एका गाभण गाढविणीला अकरा महिने उलटून गेले तरी ती व्यायलेली नाही.

तिन्ही ठिकाणी घोळ एकच झालाय. घोड्यासाठी ठरवलेली मोजमापं गाढवाला लावली गेली आहेत.

आधी लॅबबद्दल. टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही स्टिरॉइड हार्मोन. त्यांचा रेणू माणसात, घोड्यात आणि गाढवात तोच असतो, त्यामुळे दादर-अंधेरीच्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही टेस्टोस्टेरॉन-प्रोजेस्टेरॉन मोजून मिळतात. फक्त रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' माणसाची असते, तिच्याकडे बघायचं नाही. आणि एकक नक्की बघायचं, कारण प्रोजेस्टेरॉनचा १ नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर. एलएच, एफएसएच ही बीजांडकोश-वृषणांना चालना देणारी हार्मोन म्हणजे प्रथिनं, ती मात्र प्राण्यागणिक बदलतात, तिथे माणसाचं किट चालत नाही. मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सी स्ट्रिपही घोडीला किंवा गाढविणीला निरुपयोगी आहे.

आता घोडी. तुमची तपासणी ईसीजी, म्हणजे इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, या गाभणपणातल्या हार्मोनची होती (हृदयाच्या ईसीजीशी याचा संबंध नाही). १९३० साली कोल आणि हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तात ते शोधलं. गर्भ साधारण ३६ ते ३८ दिवसांचा झाला की त्याच्या आवरणावरच्या पेशींचा एक पट्टा सुटून आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतो आणि तिथे वाटीच्या आकाराच्या गाठी तयार होतात. ईसीजी या गाठींत बनतं. ते बीजांडकोशाला चेतवतं, जादा पीतपिंड (बीज सुटल्यावर बीजांडकोशात उरणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) तयार होतात आणि प्रोजेस्टेरॉन टिकून राहतं. ५५ ते ७० दिवसांच्या सुमारास ईसीजी शिखरावर असतं. पुढे आईच्या पांढऱ्या पेशी त्या गाठींना परक्या समजून घेरतात आणि १००-१२० दिवसांपर्यंत संपवतात.

हे झालं घोडीच्या पोटात घोड्याचंच शिंगरू असेल तर. त्या गाठी गर्भाच्या पेशींच्या असतात, म्हणून बाप कोण यावर सगळं बदलतं. घोडीच्या पोटात खेचर असेल, म्हणजे बाप गाढव असेल, तर गाठी लहान राहतात, लवकर नष्ट होतात आणि ईसीजी कित्येक पटींनी कमी भरतं. गाढविणीच्या पोटात गाढवच असेल तरी ते मुळात कमीच. पण त्याच गाढविणीला घोडा लागला, तर ईसीजी भरमसाट वाढतं. मादी तीच, गर्भाशय तेच, फक्त बाप बदलला. केंब्रिजचे घोड्यांच्या प्रजननाचे संशोधक डब्ल्यू. आर. ॲलन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. गाढवाचा भ्रूण घोडीच्या गर्भाशयात ठेवला तर या गाठी तयारच होत नाहीत आणि बहुतेक गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आसपास पडतात. मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

तेव्हा ८५-९० दिवसांना निगेटिव्ह आलेल्या ईसीजीवरून तुमची घोडी रिकामी आहे असं मी तरी म्हणणार नाही. उलटी फसगतही होते. गाठी तयार झाल्यावर गर्भ मेला तरी गाठी काम करत राहतात आणि तपासणी पॉझिटिव्ह येते. तुम्ही प्रोजेस्टेरॉनही करून घेतलंय, पण ते वाढलेलं असणं म्हणजे पीतपिंड काम करतोय एवढंच. माज संपून गेलेल्या रिकाम्या घोडीतही ते वाढलेलं असतं. सोनोग्राफी करून घ्या. मुंबईत घोड्यांची सोनोग्राफी करणारे पशुवैद्य मिळतात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

नराचा प्रश्न सोपा आहे. घोड्याचे वृषण टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोन सल्फेट हे इस्ट्रोजेनही भरपूर बनवतात. म्हणून तीन वर्षांवरच्या घोड्यात एकाच नमुन्यावरून पोटात वृषण राहिलंय का ते कळतं. गाढवात ही तपासणी ग्राह्यच धरत नाहीत. वृषण असलं तरी आकडा कमी येतो आणि रिपोर्टवर 'खच्ची' असं लिहून मिळतं. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय. गाढवासाठी एचसीजी (माणसाच्या गर्भारपणातलं हार्मोन, ते वृषणाला चेतवतं) वापरून चाचणी करतात: आधी रक्त घ्यायचं, मग शिरेतून एचसीजीचं इंजेक्शन, आणि अर्ध्या ते दोन तासांत दुसरं रक्त. दुसऱ्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन स्पष्ट चढलं तर आत वृषण आहे. हे पशुवैद्यानेच करायचं. पोटातल्या उष्णतेत शुक्राणू बनत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन बनतं, त्यामुळे असा नर चढेल, चावेल, ओरडेल. शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याला वेगळा बांधा.

माजाचं लक्षणही वेगळं असतं, निवाऱ्यात काम करणाऱ्या मुलांना दाखवून ठेवा. घोडी शेपूट उचलून थोडं-थोडं मुतते. गाढवीण मान पुढे ताणते, कान मागे टाकते आणि जबडा चावल्यासारखा उघडमीट करत राहते, तोंडातून लाळ गळते. घोडीचं चक्र २१-२२ दिवसांचं, गाढविणीचं दोन-तीन दिवस जास्त. थंड देशांत हिवाळ्यात घोड्या माजावर येत नाहीत. मुंबईत सर्वांत लहान आणि मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक असतो आणि गाढविणीवर ऋतूचा परिणाम मुळातच कमी. त्यामुळे 'डिसेंबरात काही होत नाही' असं धरून नर-मादी एकत्र ठेवू नका.

राहिली गाभण गाढवीण. घोडी ११ महिन्यांच्या आसपास विते, गाढविणीला १२ महिने लागतात आणि त्याच्या वर थोडे दिवस गेले तरी ते नेहमीचंच. कुणी ऑक्सिटोसिन किंवा प्रोस्टाग्लँडिन टोचून सोडवायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. शिंगराची फुप्फुसं आणि आतडी पक्की करणारं कॉर्टिसोल गर्भात अगदी शेवटच्या काही दिवसांत वाढतं. त्याआधी ओढून काढलेलं शिंगरू जगणं कठीण. खरी भीती वेगळी आहे. गाभण गाढविणीने चारा सोडला की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं आणि ती दगावू शकते. ती जाड आहे म्हणून तिचा चारा तोडू नका. एक दिवस जरी नीट खाल्लं नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि रक्तातलं ट्रायग्लिसराइड (चरबी) तपासायला सांगा. हे दादरच्या लॅबमध्येही होतं.