मुलगा डिटेक्टरच्या मागे लागलाय, एमबीएला घालू का?

प्रश्न : मुलगा कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्ष-किरणांचे डिटेक्टर अधिक वेगवान करायचे, यातच काम करणार म्हणतो. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, मला यातलं काही कळत नाही. यात पोट भरेल का, की एमबीएला घालू? – एक पालक

उत्तर : नमस्कार. कळत नाही म्हणता, पण मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तुमच्या रोजच्या हाताखालचा आहे आणि या विषयाचं घोडंही तिथंच अडतं.

डिटेक्टर म्हणजे क्ष-किरण टिपणारं यंत्र. क्ष-किरण त्याच्या सिलिकॉनच्या चकतीत शोषला गेला की विद्युतभार सुटतो आणि इलेक्ट्रोडकडे (तो गोळा करणाऱ्या धातूच्या टोकाकडे) धावतो. व्होल्टेज कितीही वाढवा, ही धाव एका पिकोसेकंदाला (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) साधारण ०.१ मायक्रॉनच्या पुढे जात नाही. म्हणजे ३०० मायक्रॉनची चकती ओलांडायला ३ नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद). मग चकती ५० मायक्रॉनची करा! वेळ सहापट कमी होते खरी, पण १० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांपैकी तीनातले दोन आरपार निघून जातात. वेळ साधावी तर किरण निसटतात, किरण धरावेत तर वेळ जाते. त्यात हा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या क्ष-किरण लेसरमध्ये २०१७ पासून फेम्टोसेकंदांचे क्ष-किरण झोत मिळतात, म्हणजे पिकोसेकंदाच्याही हजाराव्या भागातले. डिटेक्टर अजून त्यांच्या फार मागे आहेत. तुमचा मुलगा जे काम म्हणतोय, ते हे. मला ते फार मोलाचं वाटतं.

एमबीए नको. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. करू दे, किंवा जॅम (आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटीत जाऊ दे. पुढे पीएच.डी. लागेलच. ती पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतात, घरी फार पैसे येणार नाहीत, हे आत्ताच धरून चला. देशात इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन (क्ष-किरणांचे प्रखर झोत देणारं यंत्र) आहे, मुंबईत टीआयएफआर ही टाटांच्या नावाची मूलभूत संशोधन संस्था आहे. संशोधनात मन रमलं नाही तरी चिप डिझाइन आणि सीटी स्कॅनच्या यंत्रांत हेच कसब चालतं.

मला काळजी आहे ती वेगळीच. फिजिक्सची बरीच मुलं सोल्डरिंग आयर्न हातात न धरता पदवी घेतात. त्याला विचारा, ऑसिलोस्कोपवर (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) स्वतः पल्स, म्हणजे विजेचा छोटा झटका, लावून तिची चढण मोजलीय का? नसेल तर कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात जाऊन या महिन्यातच मोजू दे. आणि सुट्टीत त्याला तुमच्या लेथवर उभं करा. प्रयोगातल्या व्हॅक्यूम चेंबरचे (हवा काढून घेतलेल्या पेटीचे) फ्लँज, म्हणजे जोडणीच्या कड्या, पुढे त्यालाच करून घ्यायचे आहेत. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, तेवढं लक्ष ठेवा.