फोटोसारखं येत नाही, मग काढू की नको?

“मैत्रिणीच्या फोटोवरून पेस्टलच्या खडूंनी चित्र काढते, पण हुबेहूब येत नाही. आणि ही नक्कलच ना?” पन्नाशीनंतर रंग हातात घेतलेल्या माणसांकडून ही चिंता मी सतत ऐकते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून वेंगुर्ल्याच्या एका काकूंचा अनुभव सांगते.

मैत्रिणी ग्रुपवर फोटो टाकत. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, उभादांड्याच्या होड्या. काकू रंगवत आणि चित्र कपाटात ठेवून देत.

“मैत्रिणीला दाखवलंत?”

“छे! तिचा फोटो एवढा सुंदर. तसं यायला नको?”

“यायलाच हवं, की आलं तर आवडेल?”

काकू गप्प झाल्या. या दोन वाक्यांतलं अंतर उमगायला वेळ लागतो, पण बहुतेकांची सुटका तिथेच असते, असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्या प्रत्येक चित्रात सावल्या काळ्याकुट्ट होत्या. फोनच्या कॅमेऱ्याला कडक ऊन आणि सावली अनेकदा एकदम पेलत नाही. आकाश पांढरं पडतं, नाहीतर सावली काळी. काकू तो काळा आधी दाबून घासत, मग वरचा प्रत्येक रंग त्यात मिसळून मळकट होई. मी सुचवलं, फोटो पाच मिनिटं बघा, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत गडद, मधली आणि फिकट अशा तीनच छटा मांडा, मग फोन पालथा ठेवा. काळी कांडी डब्याबाहेर.

पुढच्या भेटीत गडगा आला, जांभळ्या सावलीचा.

“फोटोत इथे काळं आहे,” मी म्हटलं.

“कॅमेऱ्याला काळं दिसलं, ताई. मी जन्मभर गडग्याच्या कडेने चाललेय. दुपारच्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो, जांभ्याचा तांबूसपणाही राहतो.”

आवाजात पहिल्यांदाच खात्री होती. तोवर फोटो परीक्षक होऊन बसला होता. आता त्याने फक्त जागा दाखवली, पाहिलं काकूंनी. प्रश्न नेमका विचारला की उत्तर माणूस स्वतःच शोधतो, यावर माझा विश्वास आहे, आणि अशा दिवशी तो पक्का होतो.

नक्कल म्हणाल, तर पेस्टलचा थोर चित्रकार एदगार दगा यानेही फोटोंचा आधार घेतला; १८९५च्या सुमारास तो स्वतःच फोटो काढू लागला. मात्र चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात मांडायचं असेल, तर फोटो काढणाऱ्याची परवानगी आधी घ्या. हक्क सहसा त्याचा असतो. काकूंनी त्यासाठी फोन केला आणि चित्र मैत्रिणीला दाखवावंच लागलं!

निराशेचं निम्मं कारण अनेकदा कागद असतो. गुळगुळीत कागदावर सॉफ्ट पेस्टल दोन-तीन थरांतच घसरू लागतो, म्हणून खरखरीत घ्या. सुरुवातीला हात हलका ठेवा, नाहीतर कागदाचे दाणे लगेच भरतात. गडद आधी, फिकट शेवटी. सगळंच बोटाने पुसलं तर चित्र धुरकट होतं. भुकटी फुंकू नका, ती श्वासात जाते. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग कागदावर पक्का करणारं द्रव, बेतानेच फवारा, त्याने फिकट रंग गडद होतात. आणि आपल्याकडच्या पावसात चित्र काचेला टेकलं तर रंग काचेला लागतो, बुरशीही धरते. मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घाला आणि ओल येणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका.