दारूला कधीही न शिवलेल्या माणसाला लिव्हर सिरोसिस कसा होतो?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: वडील माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत, मधुमेह मात्र 15 वर्षांपासून, आता सोनोग्राफीत सिरोसिस आणि पोटात पाणी निघाले, आणि भावकीत ‘चोरून घेत असतील’ अशी कुजबुज सुरू झाली आहे. मी परभणी जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो आणि ही कुजबुज माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

दारू हे या आजाराचे मोठे कारण आहे, परंतु एकमेव नाही. मधुमेह आणि सुटलेले पोट यांमुळे यकृतात चरबी साठते, काहींच्या बाबतीत त्या चरबीमुळे दाह होतो, दाह भरून येताना व्रण राहतात आणि वर्षानुवर्षे हे चालल्यावर मऊ यकृत कडक व गाठीगाठींचे होते, यालाच सिरोसिस म्हणतात. जुन्या फायलीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा बहुधा सापडेल. त्याकडे कोणी लक्ष दिलेले नसते. तरीही सगळा दोष मधुमेहावर टाकून मोकळे होऊ नये. हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताला दाह करणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या अवश्य कराव्यात, कारण सी बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी आटोक्यात ठेवता येतो आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली जातात. बी निघाल्यास घरातल्या सर्वांची तपासणी करावी.

यकृत फार काळ तक्रार करीत नाही. थकवा, मंदावलेली भूक, संध्याकाळी पायांवर उठणारा मोज्याचा वळ, पोट वाढत असताना काडीसारखे होत जाणारे दंड, तळहातांची लाली, ही लक्षणे वयाच्या खात्यावर जमा होतात. आपल्याकडे आणखी एक गफलत होते: सिरोसिसमुळे वाढलेली प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, अडवून ठेवते, रक्तात ‘पेशी कमी’ निघतात आणि घरचे लोक डेंग्यू समजून पपईच्या पानांचा रस पाजत राहतात.

पुढच्या गुंतागुंतीचे मूळ बहुतांशी एकच आहे. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला कडक यकृतातून वाट मिळत नाही, त्यामुळे मागे दाब वाढतो. पोटात पाणी साठते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्यास रक्ताची उलटी होते किंवा शौचास डांबरासारखी काळी होते, म्हणून दुर्बिणीची तपासणी आधीच करून घ्यावी. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, मूत्रपिंडे थकतात आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो. त्यासाठी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी लागते.

मेंदूवरचा परिणाम मात्र घरच्यांनाच आधी दिसतो. माझे एक रुग्ण बैलाचे दावे हातात धरून अर्धा तास गोठ्यात उभे होते, गाठ कशी मारायची हेच त्यांना आठवेना. चौकशी केल्यावर चार दिवस पोट साफ झाले नव्हते असे कळले; आतड्यात साठलेली विषारी द्रव्ये आजारी यकृताला गाळता येत नाहीत आणि ती मेंदूपर्यंत पोचतात. दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात विसंगती, पसरलेल्या हातांची फडफड, यांपैकी काही दिसले, काळी शौचास झाली किंवा पोटदुखीसह ताप आला, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काविळीची माळ घालणे हा त्यावरचा इलाज नाही, आणि गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणेही बंद करावे. त्यांनी मूत्रपिंडे बिघडतात आणि रक्तस्राव होऊ शकतो.

मीठ दिवसभरात एका लहान चमच्याच्या आत ठेवावे, म्हणजे लोणचे, पापड आणि खारट ठेचा ताटातून जाईल. वरण मात्र बंद करू नये. प्रथिने तोडण्याचा सल्ला आता जुना झाला आहे, उलट त्यामुळे स्नायू आणखी झिजतात. वडील संध्याकाळी सातला जेवून सकाळपर्यंत उपाशी राहत असतील, तर झोपण्यापूर्वी त्यांना अर्धी भाकरी आणि थोडे वरण द्यावे. मधुमेहाच्या औषधाचे प्रमाण त्यानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.