‘सॅटेलाइट कॉन्स्टेलेशन’ला ‘नक्षत्र’ म्हणावे का?

प्रश्न : बातम्यांत कुठे ‘स्टारलिंकचे नक्षत्र’, कुठे ‘उपग्रहांची मालिका’, तर कुठे ‘ताफा’ असे येते. ‘सॅटेलाइट कॉन्स्टेलेशन’साठी यांतला योग्य शब्द कोणता?

‘नक्षत्र’ नको. नक्षत्रातल्या ताऱ्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही; पृथ्वीवरून ते जवळजवळ दिसतात, इतकेच. कॉन्स्टेलेशनमधले उपग्रह मात्र एकच काम मिळून करण्यासाठी अंतरे मोजून पेरलेले असतात. उपग्रह-फोनची सेवा देणाऱ्या इरिडियमचेच घ्या. मूळ आराखडा ७७ उपग्रहांचा होता आणि इरिडियम मूलद्रव्याचा अणुक्रमांकही ७७, म्हणून ते नाव. प्रत्यक्षात ६६ उपग्रहांवर भागले: ६ कक्षाप्रतले (उपग्रह ज्या पातळीत पृथ्वीभोवती फिरतात त्या पातळ्या), प्रत्येकात ११. उंची सुमारे ७८० किलोमीटर. डोक्यावरचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाकडे उतरतो आणि चालू कॉल मागच्या उपग्रहाकडे सोपवतो. एखादा बंद पडला की सेवेत खंड पडतो, म्हणून राखीव उपग्रह वरच ठेवावे लागतात. ही वीण ‘जाळे’ या शब्दात नेमकी उतरते. म्हणून माझे मत ‘उपग्रहजाळे’ला. ‘उपग्रहजाळ्याचा’, ‘उपग्रहजाळी’ ही रूपेही सहज होतात. जमिनीवरची केंद्रे धरून बोलायचे असेल तर ‘उपग्रह यंत्रणा’ म्हणावे.

‘मालिका’ आधीच वेगळ्या अर्थाने रुळला आहे. इन्सॅट मालिका, कार्टोसॅट मालिका म्हणजे एका घराण्यातले, एकामागून एक बनलेले उपग्रह. ‘ताफा’ मालकी सांगतो: एका कंपनीचे भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारे) उपग्रह वेगवेगळ्या देशांसाठी स्वतंत्र काम करत असले, तरी तो तिचा ताफाच.

स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यावर पहिले काही दिवस, सूर्यास्तानंतर, एका ओळीत सरकणारे ठिपके दिसतात. त्याला ‘माळ’ जरूर म्हणा, शब्द सुंदर बसतो. पण ते तयार जाळे नव्हे. ठरलेल्या उंचीवर आपापल्या जागी पोचतात, तेव्हा उपग्रह एकमेकांपासून पांगलेले असतात.

आता हे वाक्य पाहा : ‘इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून प्रत्येकी ३६ उपग्रह सोडले, दुसऱ्या खेपेने इंटरनेट पुरवणाऱ्या वनवेब कंपनीचे जगभर सेवा देण्यापुरते उपग्रहजाळे पूर्ण झाले.’ इथे ‘नक्षत्र पूर्ण झाले’ लिहिले, तर मृगाचा पाऊस सरला असे वाटेल.