गडकोटांवरील छायाचित्रणासाठी कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणि त्याला जुळणारे साहित्य कसे निवडावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्याकडे सोनी ए७ फोर हा कॅमेरा, २४-१०५ आणि १००-४०० मिलिमीटरच्या दोन लेन्स आणि मॅनफ्रोटोचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. सह्याद्रीत तो पाठीवर वाहून नेणे जड जाते, म्हणून कार्बन फायबरचा घ्यावयाचा आहे, आणि जुन्या आरसी२ (मॅनफ्रोटोची स्वतःची पद्धत) प्रकारच्या क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून तो ट्रायपॉडवर झटकन बसविण्याच्या पट्ट्या, नव्या ट्रायपॉडवर चालतील का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. उंची आपण १७० सेंटिमीटर सांगितली आहे, तिचा उपयोग पुढे होईल.

वजन किती कमी होईल, हे खरेदीपूर्वीच नेमके पाहून घ्यावे. एकाच रचनेचे दोन ट्रायपॉड समोरासमोर ठेवले की ते स्पष्ट होते. मॅनफ्रोटोच्या ०५५ मालिकेतील तीन भागांचा ॲल्युमिनियम ट्रायपॉड साधारण अडीच किलोचा आहे, तर तसाच कार्बनचा दोन किलोचा. म्हणजे अर्धा किलो वाचतो, आणि त्यासाठी दीडपट ते दुप्पट, कधी त्याहूनही अधिक किंमत मोजावी लागते. याहून जास्त हलका ट्रायपॉड कोणी दाखवत असेल, तर फरक केवळ कार्बनमुळे पडलेला नसून नळ्या बारीक आणि उंची कमी केल्यामुळे पडला आहे, असे समजावे. कार्बनचा दुसरा फायदा असा की त्यात कंपने लवकर शमतात. तिसरा फायदा, म्हणजे थंडीत पाय धातूसारखा बर्फगार लागत नाही हा, स्पितीत किंवा लडाखमध्ये फार मोलाचा आहे. सह्याद्रीत त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. उलट बाजूही लक्षात असू द्यावी : ॲल्युमिनियमच्या नळीला दगडाचा मार लागला तर पोचा पडतो, पण कार्बनच्या नळीला टोकदार मार बसला तर ती तडकू शकते.

माझ्या मते निवडीची पहिली कसोटी नळीचा व्यास ही असावी. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २२ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटरची वरची नळी घेतली, तर बाकी सर्व सारखे असताना ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. आपला कॅमेरा ६५८ ग्रॅमचा आणि १००-४०० लेन्स सुमारे १४०० ग्रॅमची, म्हणजे एकूण भार दोन किलोंच्या थोडा वर जातो. एवढा भार कोणताही बरा ट्रायपॉड सहज पेलतो. अडचण पेलण्याची नाही, ४०० मिलिमीटरवर वाऱ्याने येणाऱ्या थरथरीची आहे. खोक्यावर छापलेली ‘१५ किलो’, ‘२० किलो’ ही वजनक्षमता या बाबतीत काहीच सांगत नाही, कारण ती मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एक पद्धत नाही. मी तो आकडा वाचतसुद्धा नाही.

पायाचे भाग जितके जास्त, तितका सर्वांत खालचा भाग बारीक. प्रत्येक भागागणिक व्यास साधारण तीन-चार मिलिमीटरने उतरतो. पाच भागांचा ट्रायपॉड पाठपिशवीत छान मावतो, पण पूर्ण उघडल्यावर कोकणकड्यासारख्या ठिकाणच्या वाऱ्यात तो डुलतो. तीन भागांचा सर्वांत भक्कम खरा, परंतु मिटल्यावर लांब राहतो आणि कातळातल्या पायऱ्या चढताना मागे अडकतो. म्हणून आपल्यासाठी २८ मिलिमीटरचा, चार भागांचा ट्रायपॉड मला योग्य वाटतो. लेओफोटो, बेनरो, सिरुई यांच्याकडे या मापाचे ट्रायपॉड मिळतात. १९९४ मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड बाजारात आणणाऱ्या गिट्झोचे अर्थातच उत्तम आहेत, पण त्या किमतीत एखादी बरी लेन्स येते.

उंचीचा हिशेब असा करावा. आपल्या डोळ्यांची पातळी जमिनीपासून अंदाजे १५८ सेंटिमीटर असेल. त्यातून बॉल हेडचे (पायांवर बसणाऱ्या, कॅमेरा हवा तसा वळविणाऱ्या गोळ्याच्या माथ्याचे) दहा आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे सात सेंटिमीटर वजा केले, तर मधला दांडा न उचलता पायांची उंची १४० सेंटिमीटरच्या आसपास हवी. उतारावर एक पाय खाली सोडावा लागतो, म्हणून थोडी अधिक असल्यास उत्तमच. मधला दांडा वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखे होते; तो काढून ठेवता येणारा किंवा मुळातच नसलेला ट्रायपॉड पाहावा.

आता प्लेटविषयी. आरसी२ प्लेट आणि सध्या सर्वत्र रूढ झालेली आर्का-स्विस पद्धतीची प्लेट या एकमेकींच्या पकडीत बसत नाहीत, त्यामुळे जुन्या प्लेटचा मोह सोडावा. मात्र जुने हेड वाया जात नाही : बहुतेक ट्रायपॉडच्या माथ्यावर तीन अष्टमांश इंची आट्यांचा बोल्ट असतो आणि मॅनफ्रोटोच्या हेडला तेवढेच छिद्र असते. पैसे एकदम खर्च करायचे नसतील, तर आज चांगले पाय (म्हणजे हेडशिवायचा ट्रायपॉड) घ्यावेत आणि सहा महिने जुन्या हेडवर काम चालवावे. पाय स्वस्तातले आणि हेड भारी, ही उलटी वाटणी करू नये.

नवे हेड घेताना ३६ ते ४० मिलिमीटर गोळ्याचे, आडवे फिरविण्याची कळ आणि घर्षण कमी-जास्त करण्याची कळ वेगवेगळी असलेले घ्यावे. आर्का-स्विस ही रूढ पद्धत आहे, काटेकोर मानक नव्हे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्लेटच्या रुंदीत किंचित फरक असतो. खटक्याच्या पकडीत एखादी प्लेट ढिली बसते तर एखादी शिरतच नाही, म्हणून स्क्रूने आवळायची पकड अधिक भरवशाची. कॅमेऱ्याची प्लेट मागे ओठ असलेली घ्यावी, म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी ती फिरत नाही. एल ब्रॅकेट, म्हणजे कॅमेरा आडवा आणि उभा दोन्ही प्रकारे हेडवर बसविता येणारी काटकोनी प्लेट, सोयीचे असते, पण आपल्या कॅमेऱ्याचा पडदा डावीकडे उघडतो आणि जोडण्याही त्याच बाजूला आहेत. तेव्हा ब्रॅकेट खास याच मॉडेलचे आणि बाजूचा भाग बाहेर सरकविता येणारे हवे. १००-४०० वापरताना कॅमेरा नव्हे, लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचे पाय असलेले कडे) हेडवर बसवावी आणि तिच्या पायाला लांब प्लेट लावावी, म्हणजे तोल मध्यावर आणता येतो. प्लेटच्या टोकांचे थांबा-स्क्रू अनेकजण काढून फेकतात. पकड चुकून सैल झाली तर कॅमेरा खाली पडण्यापासून वाचविणारे तेच असतात. गिंबल हेडची (जड लेन्स तोलून सहज फिरविता येणाऱ्या हेडची) आपल्याला गरज नाही. प्लेटचे स्क्रू आवळण्याची षटकोनी किल्ली (एलन की) मात्र पिशवीत असू द्यावी.

पायांच्या तळाची लोखंडी टोके माती आणि गवतासाठी ठीक आहेत. सह्याद्रीच्या कातळावर रबरी टोकेच चांगली धरतात. वारा असेल तेव्हा पिशवी ट्रायपॉडच्या मध्यभागी खाली असलेल्या हुकाला अधांतरी टांगू नये, ती झुलून कंपने वाढविते. तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर आणि कॅमेऱ्यातील व लेन्समधील स्थिरीकरण बंद ठेवावे.

शक्य असल्यास दुकानात प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मुंबईत बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. आपला कॅमेरा आणि १००-४०० सोबत न्यावी, सर्व पाय पूर्ण उघडून रस्त्यापलीकडची एखादी पाटी ४०० मिलिमीटरवर पडद्यावर मोठी करून पाहावी आणि पायावर बोटाने टिचकी मारावी. चित्र किती वेळ हलत राहते, ते दोन-तीन ट्रायपॉडवर पाहिले की दुकानदाराच्या सांगण्याची गरज उरत नाही. वरचा माथा हातात धरून पिळून पाहावा. तिथे खेळ जाणवला तर कितीही सूट असली तरी तो ट्रायपॉड घेऊ नये.

समुद्रकिनारी किंवा पावसाळी चिखलात वापरताना सर्वांत खालचा भाग आधी उघडावा, म्हणजे पायाचे भाग आवळणारे फिरकीचे कुलूप पाण्याच्या वर राहते. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत, आट्यांतील वाळू काढावी आणि पूर्ण वाळल्यावरच मिटावेत.