जपानहून परतल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

परदेशी शिक्षणाविषयीच्या या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे जाण्याच्या तयारीविषयी असतात. परतीविषयी क्वचितच कोणी लिहिते. या वेळी तशी तीन पत्रे एकदम आली आणि तिन्ही जपानशी संबंधित असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : जपानमधील एका विद्यापीठात जलशुद्धीकरणाच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी गेल्या वर्षी घरी आले. तिथे असताना घराची ओढ अनावर होत असे, पण आता घरीच मन रमत नाही. गोंगाट, उशीर आणि रस्त्यावरचा कचरा यांवरून माझी सतत चिडचिड होते आणि मी काही बोलले की मैत्रिणी ‘झालं हिचं जपान सुरू’ म्हणून हसतात. तिथे महापालिकेच्या कार्यालयातली सगळी कामे मी एकटी जपानीतून करत असे, हे इथे कोणाला ठाऊकही नाही. भाषा विसरत चालले आहे आणि मुलाखतींमध्ये माझ्या तिथल्या कामाचे कोणाला काही वाटत नाही. मी परत येऊन चूक केली का?

उत्तर : तुमच्या पत्रातला गोंगाट आणि कचरा मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण त्यांची चीड जपानला कधीही न गेलेल्या माणसालाही येते. मला महत्त्वाचे वाटते ते महापालिकेच्या कार्यालयाविषयीचे वाक्य. परक्या लिपीतल्या सूचना वाचणे, घरमालकाशी करार करणे, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत उभे राहून आपल्या कामाचा हिशेब देणे, या गोष्टी करता करता तुमच्यात एक कर्तबगार व्यक्ती तयार झाली; परंतु तिची घडण घरच्यांपैकी कोणी पाहिलेली नाही. त्यांच्या दृष्टीने विमानतळावरून निघालेली मुलगी परत आली. तुमची खरी हानी ही आहे, आणि तिला नाव सापडत नाही म्हणून ती लोकलच्या गर्दीवर निघते.

या अनुभवाचा अभ्यास जुना आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अनुभवांवरून, परक्या देशातील रुळण्याचा आलेख आधी उत्साह, मग घसरण आणि नंतर सावरणे असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा मांडला. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी त्याला परतीनंतरची दुसरी घसरण जोडली आणि आलेख ‘डब्ल्यू’सारखा झाला. पुढच्या संशोधनात हे आलेख सर्वांना लागू पडत नाहीत असेही दिसले, त्यामुळे ‘अमुक महिन्यांत बरे वाटेल’ असे वेळापत्रक त्यांतून कोणी काढू नये, असे मला वाटते. त्यापेक्षा तुमच्या स्थितीला अधिक जवळचे आहे ते आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये, महायुद्धावरून परतणारे सैनिक डोळ्यांसमोर ठेवून, घरी परतणाऱ्या माणसाविषयी केलेले विवेचन. परक्या प्रदेशात शिरणारा माणूस अनोळखीपणाची अपेक्षा ठेवूनच शिरतो. परतणारा मात्र सारे ओळखीचे असेल असे गृहीत धरतो आणि नेमका तिथेच फसतो, कारण दरम्यान घरही बदललेले असते आणि तोही. जपानला जाताना तुम्ही निदान भाषेचा वर्ग लावला असेल. परतताना कोणती तयारी केली होती?

एक गोष्ट थोडी कठोर वाटेल, तरी सांगतो. तुम्ही ज्या जपानची इथल्या जगण्याशी तुलना करता, तो विद्यार्थ्याचा जपान आहे. तिथे परदेशी विद्यार्थ्याच्या अनेक चुका तो परका म्हणून पोटात घातल्या जातात, आणि पदवीनंतर तिथल्या कंपनीत रुजू झालेल्याला जी वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड रोज सांभाळावी लागते, तिचा सौम्य नमुनाच संशोधन-कक्षात वाट्याला येतो. मैत्रिणी हसतात त्या बहुधा जपानला नव्हे, तर या एकतर्फी तुलनेला हसत असाव्यात. जपानविषयी सर्वांना सर्व काही सांगण्याऐवजी, ज्याला ज्या गोष्टीची गरज आहे त्याला तेवढीच सांगून पाहा. गाळणीच्या पडद्यांची देखभाल तिथे कशी करतात, हे तुमच्या मैत्रिणींना नकोच असेल. पण एखाद्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातला अभियंता ते कान देऊन ऐकेल.

मुलाखतींचेही तेच आहे. ‘मी जपानमध्ये शिकले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला कौतुकापलीकडे काही देत नाही. प्रयोगाची आखणी कोणी केली, उपकरण बिघडल्यावर काय केले, नोंदी कशा ठेवल्या, दर आठवड्याला प्राध्यापकांपुढे अपयशाचा हिशेब कसा मांडला, हे तपशील सांगा. तिथल्या संशोधन-कक्षात काम अडल्याबरोबर ते वरिष्ठांच्या कानावर घालणे अपेक्षित असते. आपल्याकडे अडचण शेवटच्या दिवसापर्यंत झाकून ठेवण्याकडे कल असतो. ही एक सवयदेखील नोकरी देणाऱ्याला पदवीइतकीच मोलाची वाटू शकते, फक्त ती उदाहरणासह सांगावी लागते.

परतलेल्या विद्येला जागा कशी मिळते, याचे महाराष्ट्रातले एक जुने उदाहरण मला फार आवडते. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत शिक्षण घेऊन काचनिर्मितीचे तंत्र आत्मसात केले. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तेव्हा त्याची तांत्रिक धुरा त्यांच्याकडे आली, आणि लोकांनी दिलेल्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर चाललेल्या त्या कारखान्यात देशी कारागीरही शिकून तयार झाले. वार्ष्णेय यांची विद्या जितकी महत्त्वाची होती, तितकेच तिची वाट पाहणारे कोणीतरी इथे होते हेही महत्त्वाचे होते. तुमची वाट पाहणारी जागा कदाचित मोठ्या कंपनीच्या मुलाखत-कक्षात नसेल. ती एखाद्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठा योजनेत किंवा जपानी कंपनीच्या इथल्या कारखान्यातल्या सांडपाणी प्रकल्पात असू शकेल. अर्ज करताना ही ठिकाणे आधी पाहा.

भाषेविषयी एक सावधगिरी. परतलेले विद्यार्थी भाषा टिकवण्यासाठी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची वरची पातळी गाठायला बसतात. २०१० पासून या परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत आणि नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र उपयोगी पडते यात शंका नाही. मात्र तिच्यात शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते, बोलणे तपासले जात नाही. तुमचे हरवत चालले आहे ते बोलणे. त्यासाठी कक्षातल्या जुन्या सोबत्यांशी ठरवून गप्पा मारणे किंवा नवशिक्यांना शिकवणे हाच उपाय. प्राध्यापकांनाही नव्या वर्षाच्या शुभेच्छा आणि आपली ख्यालीखुशाली जपानीतूनच कळवत जा. जुन्या विद्यार्थ्याला नोकरी लागल्याचे पत्र यावे, अशी तिथल्या शिक्षकांची अपेक्षा असते. तुम्ही जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेला असाल, तर मोन्बुशो स्कॉलर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही माजी शिष्यवृत्तीधारकांची संघटना आहे, तिच्याशी संपर्क साधा.

परतणे चूक होते का, याचे उत्तर मी देणार नाही. पहिल्या वर्षातल्या चिडचिडीवरून ते ठरवू नये, एवढेच म्हणतो. पुन्हा जावेसे वाटले तर तिथल्या कामासाठी जा. इथल्या गोंगाटाला कंटाळून मात्र जाऊ नका.

प्रश्न : आमचा मुलगा ओसाकाहून शिकून आला आहे. पूर्वी घर डोक्यावर घेणारा मुलगा आता खोलीतच बसून असतो, जेवताना बोलत नाही, विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. आम्ही काय करावे?

उत्तर : त्याला ‘तिथे कसे होते?’ असे विचारणे थांबवा, कारण इतक्या मोठ्या प्रश्नाला ‘छान होते’ याशिवाय उत्तर नसते. त्याऐवजी सकाळी उठल्यापासूनचा त्याचा तिथला एक दिवस विचारा, त्याच्या कक्षातले लोक कोण होते ते विचारा, आणि फोटो पाहताना घाई करू नका. तो बराच काळ एकटा राहून स्वतःचा स्वयंपाक, खर्च आणि वेळ सांभाळत होता. घरात पाऊल टाकताच त्याचे ताट वाढणे आणि कपडे धुणे पुन्हा तुमच्याकडे गेले असेल, तर त्यात माया असली तरी त्याला आपण पुन्हा लहान झाल्यासारखे वाटू शकते. घरातले एखादे खरे काम त्याच्या हाती सोपवा आणि ते त्याच्या पद्धतीने होऊ द्या. मात्र झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे काही आठवडे टिकून असेल, तर ‘परतल्यावर असे होतेच’ म्हणून वाट पाहत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.

प्रश्न : माझे शिक्षण येत्या मार्चमध्ये संपते आणि मी कायमचा भारतात परतणार आहे. निघण्यापूर्वी जपानमध्ये कोणती कामे उरकावीत? पदवी भारतात मान्य करून घ्यावी लागते का?

उत्तर : मान्यतेची गरज तुम्ही पुढे काय करणार यावर अवलंबून आहे. खासगी नोकरीत सहसा कोणी विचारत नाही. सरकारी नोकरी, अध्यापन किंवा पीएच.डी. यांसाठी समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ती भारतीय पदवीच्या तोडीची असल्याचा दाखला, लागू शकते. हे काम दीर्घकाळ भारतीय विद्यापीठ संघ पाहत आला. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे स्वतंत्र नियम लागू केले आहेत, तेव्हा अर्जापूर्वी ते वाचा. वैद्यक, विधी, वास्तुकला यांसारख्या व्यावसायिक पदव्यांचा निर्णय त्या त्या परिषदेच्या नियमांनुसार होतो.

पदवी आणि गुणपत्रिका यांच्या इंग्रजी प्रती गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवा, कारण नंतर टपालाने मागवण्यात महिने जातात. जपान आणि भारत दोघेही हेग अपोस्टिल करारात असल्यामुळे जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा शिक्का, इथे चालतो; खासगी विद्यापीठाच्या कागदांना त्याआधी नोटरीची पायरी लागते, म्हणून तेवढे दिवस हाताशी ठेवा.

पालिकेच्या कार्यालयात देश सोडत असल्याची सूचना देणे, आरोग्य विमा बंद करणे आणि विमानतळावर निवासी कार्ड परत करणे ही कामे सहसा कोणी विसरत नाही. विसरला जातो तो स्थानिक निवासी कर. १ जानेवारीला तुमचा पत्ता जिथे असेल तिथली पालिका आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर तो आकारते आणि त्याचे देयक जूनच्या सुमारास निघते, म्हणजे तुम्ही मार्चमध्ये निघून गेल्यानंतर. आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत अर्धवेळ काम करून कर लागण्याइतके उत्पन्न झाले असेल, तर निघण्यापूर्वी तिथल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला कर-प्रतिनिधी म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने देयक घेऊन कर भरण्यासाठी, नेमा, किंवा आगाऊ भरणा करता येतो का ते पालिकेत विचारा.

निवृत्तिवेतनाची वर्गणी किमान सहा महिने भरली असेल, तर देश सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्यासाठी अर्ज करता येतो. विद्यार्थी म्हणून वर्गणी पुढे ढकलून घेतली असेल, तर ते महिने यात धरले जात नाहीत. पुढे कधी जपानमध्ये नोकरी करण्याचा विचार असेल, तर थोडे थांबा : भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि त्यानुसार दोन्हीकडचा वर्गणीचा काळ एकत्र धरता येतो, परतावा घेतला की तो जपानमधला काळ हिशेबातून जातो. बँक खाते मात्र शेवटचा पगार आणि घरमालकाकडची अनामत रक्कम जमा झाल्यानंतरच बंद करा, आणि खात्याला जोडलेला जपानी फोन क्रमांक त्याआधी बंद करू नका.