झेपेलिन हे आडनाव मूळचं कुठलं? आज ते कुणाचं आहे?

वायूने भरलेलं, फुग्यासारखं तरंगणारं 'झेपेलिन' हे अजस्र हवाई जहाज आधी, आडनाव नंतर, असं अनेकांना वाटतं. खरं तर उलटं आहे. उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये, ब्यूट्सोव्हजवळ त्सेपेलिन (झेपेलिनचाच जर्मन उच्चार) नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सरदार घराण्याने गावाचंच नाव घेतलं, आपल्याकडच्या 'कर' आडनावांसारखं. शेवटचं 'इन' मात्र मुळात जर्मन नव्हे. या भागात आधी स्लाव्ह लोक राहत. श्वेरीन, बर्लिन ही नावंही त्यांचीच.

घराण्याची एक शाखा दक्षिणेला व्युर्टेंबर्गच्या दरबारी चाकरीत गेली आणि तिला 'ग्राफ' (काउंट) ही सरदारी पदवी मिळाली. हवाई जहाजवाले फर्डिनांड याच शाखेतले. जन्म १८३८, कोन्स्टान्झ. त्यांना एकच मुलगी, हेला. १९०९ मध्ये तिचं लग्न ब्रांडेनश्टाइन घराण्यात झालं आणि राजाच्या परवानगीने ब्रांडेनश्टाइन-झेपेलिन असं जोडनाव सुरू झालं. म्हणून फर्डिनांड यांचे थेट वंशज आज जोडनावानेच सापडतात. नुसतं झेपेलिन हे भावकीत उरलं. १९१९ नंतर जर्मनीत सरदारी पदव्यांचे विशेषाधिकार गेले, पण 'ग्राफ फॉन' हे शब्द कायदेशीर आडनावाचा भाग म्हणून टिकले.

आजही नाव विरळच. दक्षिण बाडेनमधल्या लाउफेन गावात १९२६ पासून याच नावाची फुलझाडांची प्रसिद्ध रोपवाटिका आहे. आणि हो, १९७० मध्ये घराण्यातल्या एका बाईंच्या हरकतीमुळे लेड झेपेलिन या रॉक बँडला कोपनहेगनमध्ये 'द नॉब्स' या नावाने वाजवावं लागलं होतं!